रामनवमी थाटात होते, पण रोजची पूजा चुकते: काय करावे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देतो आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या पणजोबांनी गावात राममंदिर बांधले. गाभाऱ्यात राम, लक्ष्मण, सीता यांच्या संगमरवरी मूर्ती, समोर शेंदूर लावलेला मारुती. पूजा करणारे गुरुजी ऐंशीच्या घरात आले, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. तुमच्या पाच घरांपैकी चार शहरात. रामनवमीला सगळे जमतात, मांडव पडतो, कीर्तन होते, पंगती उठतात. बाकी वर्षभर पूजा कधी सकाळी होते, कधी दुपारी, कधी होतच नाही. तुम्ही विचारता: रोज किमान काय हवे? षोडशोपचार आणि पंचामृत रोज व्हायलाच हवेत का? एखादा दिवस चुकला तर काय करायचे? आणि दोन पंचांगांत दोन तारखा दिसल्या तर उत्सव कधी करायचा?

मी गेली ३४ वर्षे एका लक्ष्मीनारायणाच्या मंदिरात पूजा करतो. त्याआधी वडील करत. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला विधीची अडचण फारशी दिसली नाही. विधी सांगणारे गुरुजी तालुक्याच्या गावी मिळतील. तुमच्याकडे वर्षातले नऊ दिवस सांभाळायला पन्नास माणसे आहेत आणि उरलेले साडेतीनशे दिवस एका थकलेल्या माणसाच्या अंगावर आहेत. ते ओझे आधी वाटून घ्यायला हवे. रोजची पूजा एवढी लहान ठरवा की ती मुसळधार पावसात, तापात, लग्नसराईत, सुगीच्या धांदलीतही चुकणार नाही. ती एकदा बसली की उत्सव तिच्यावर चढवता येतो. रोजचा पाया ढासळलेला असताना उत्सव मोठा करत गेलात, तर देवाचे घर वर्षातून एकदा उघडणारे कार्यालय होते. हे मला मनापासून लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

काही गोष्टी तुमच्या मंदिराच्या परंपरेवर अवलंबून आहेत. मूर्तींची प्रतिष्ठा कशी झाली, पूजा वेदोक्त (वेदमंत्रांनी) चालते की पुराणोक्त (पुराणांतल्या श्लोकांनी), गावाचे वळण रामदासी आहे की वारकरी, पणजोबांनी काही जमीन देवाच्या नावे ठेवली आहे का आणि तिच्या कागदात नैवेद्य-दिव्याचा काही नेम लिहिला आहे का, हे आधी पाहा. मंदिराची वहिवाट हीच पहिली पोथी असते. रामदासी वळणाच्या मंदिरात संध्याकाळची उपासना आणि करुणाष्टके चुकवून चालत नाहीत. वारकरी गावात एकादशीचे भजन आणि हरिपाठ यांना तेवढेच महत्त्व असते. मी सांगतो तो सर्वसाधारण सांगाडा आहे. तुमच्या वहिवाटीशी जिथे जुळत नाही तिथे वहिवाट धरा.

ही वहिवाट आज फक्त गुरुजींच्या डोक्यात आहे. म्हणून सगळ्यात आधी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. आमच्याकडे वडील गेले तेव्हा मला दहा दिवसांचे सूतक आले. शेजारच्या गावचे एक गुरुजी पूजेला आले. विद्वान माणूस, पुरुषसूक्त अस्खलित. पण लक्ष्मीचे पातळ कुठे दुमडून कुठे टाचायचे, उत्सवमूर्तीच्या पेटीची किल्ली कोणत्या कोनाड्यात, समईत किती वाती, शनिवारी मारुतीला तेल घालायचे की फक्त रुईची माळ, यातले त्यांना काहीच माहीत नव्हते, आणि मला तर गाभाऱ्यात पाय ठेवता येत नव्हता. मी सभामंडपाबाहेर उभा राहून ओरडून सांगत होतो. सूतक फिटल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सगळे लिहून काढले. ती वही आजही गाभाऱ्याच्या दाराशी खुंटीला असते. तुमच्या गुरुजींकडून मंत्र नंतर घेतले तरी चालतील, या बारीकसारीक गोष्टी मात्र त्यांच्याबरोबर जातील. जमल्यास एका सकाळी त्यांना खुर्चीवर बसवून मंदिरात न्या, पूजा दुसऱ्याने करावी आणि त्यांनी बोलत राहावे. मोबाइलवर चित्रण करून ठेवा.

आता रोजचे. शास्त्राने उपचारांच्या पायऱ्या लावून दिल्या आहेत, त्या सोय म्हणूनच आहेत. षोडशोपचार म्हणजे आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्प. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा या सोळा उपचारांना एकेक लावतात. पंचोपचार म्हणजे यांतलेच गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. आपल्याकडे पाहुणा आला तर त्याला बसायला पाट, पायांवर पाणी, जेवण, विडा हे सगळे करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र रोज सकाळी ‘या, बसा’ म्हणत नाही, कारण ते घरचेच असतात. म्हणूनच प्रतिष्ठा झालेल्या स्थिर मूर्तीला रोज आवाहन आणि विसर्जन करत नाहीत. तिथे देव आहेच. आवाहनाच्या जागी ध्यान करून फूल वाहायचे. पार्थिव, म्हणजे मातीच्या, गणपतीची पूजा पाहून आलेली मुले मंदिरातही आवाहन म्हणू लागतात, तेवढे समजावून सांगा.

तुमच्यासाठी मी असा क्रम धरीन. सकाळी दार उघडण्याआधी घंटा किंवा टाळी वाजवून देवाला जागवायचे. कालचे निर्माल्य काढायचे, गाभारा झाडून ओल्या फडक्याने पुसायचा, समई लावायची. मूर्तींवरची धूळ मऊ, कोरड्या सुती कापडाने टिपायची. मग गंध, फूल, तुळस, उदबत्ती, निरांजन आणि नैवेद्य. नैवेद्याला दूध-साखर किंवा गूळ-खोबरे पुरे. मारुतीला नमस्कार, एक आरती, प्रार्थना. हे सावकाश केले तरी अर्ध्या तासात होते. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा दिवा, उदबत्ती आणि रामरक्षा. दार लावताना देवाला ‘आता विश्रांती घ्या’ म्हणायचे. एवढे ३६५ दिवस झाले की तुमचे मंदिर जागते आहे असे मी म्हणेन. मंत्र येत नसतील तर नाममंत्र पुरतो: ‘श्रीरामाय नमः, गंधं समर्पयामि’, ‘श्रीरामाय नमः, पुष्पं समर्पयामि’, याच रीतीने पुढे. चुकीच्या उच्चाराचे सूक्त घाईने म्हणण्यापेक्षा शुद्ध नाममंत्र मला अधिक आवडतो.

वेळ मात्र पक्की ठेवा. सकाळी सात म्हटले की सात. साध्या पूजेला ठरलेल्या वेळी चार माणसे येतात, मोठ्या पूजेला वेळ ठरलेली नसेल तर कुणीच येत नाही. माझ्या मंदिरात सकाळच्या आरतीला शाळेत जाणारी मुले थांबतात, ती घंटेच्या आवाजावर निघतात. एका पावसाळ्यात मी वेळ पुढेमागे करू लागलो आणि महिन्याभरात मुले यायची बंद झाली. त्यांना परत आणायला मला वर्ष लागले.

षोडशोपचार सोडू नका. गुरुवार, एकादशी, शुद्ध नवमी असे महिन्यातले ठरावीक दिवस त्यासाठी ठेवा. मोठ्या क्षेत्रांतसुद्धा रोजच्या राजोपचारांना, म्हणजे देवाच्या राजासारख्या सेवेला, परिस्थितीप्रमाणे मुरड घातलेली दिसते. पंढरपुरात एरवी पहाटे काकडा, मग पूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती, रात्री शेजारती असा विठोबाचा दिवस चालतो. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेआधी मात्र देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात आणि दर्शन चोवीस तास खुले राहते. भक्त दारात उभे असताना देव झोपणार कसा, ही त्यामागची भावना. त्या दिवसांत शेजारती थांबते, नित्यपूजा आणि नैवेद्य थांबत नाहीत. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा, म्हणजे देवाचा शिणवटा घालवणारी स्नानपूजा, होते आणि देव पुन्हा आपल्या दिनक्रमाला लागतो. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा, म्हणजे पलंगावर विश्रांती, घेते, त्यातली एक शारदीय नवरात्राआधी आणि एक दसऱ्यानंतर. देवाच्याही श्रमाचा आणि विश्रांतीचा विचार करणारी ही परंपरा आहे. तिच्यात तुमच्या पाच घरांच्या अडचणीला जागा नाही असे समजू नका.

पंचामृताच्या प्रश्नावर मी ठाम आहे: संगमरवरी मूर्तींवर रोज पंचामृत घालू नका. तुम्ही लिहिले आहे की मूर्ती पिवळसर पडल्या आहेत आणि कुणी लिंबू-चिंचेने घासायला सांगितले आहे. ते तर मुळीच करू नका. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेटचा दगड. आंबट पदार्थ लागला की त्याचा पृष्ठभाग विरघळतो. लिंबू लावल्यावर मूर्ती पांढरी दिसते, कारण वरचा थर गेलेला असतो. चकाकी गेली की दगडाची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात आणि पुढच्या वेळी तेल, हळद, केशर आणखी खोल शिरते. दह्यातला आंबटपणाही तेच काम हळूहळू करतो. मध-साखरेचा चिकटा कोपऱ्याकोपऱ्यात राहतो, त्यावर धूळ आणि काजळी बसते. दोन-तीन पिढ्यांत डोळ्यांच्या कडा आणि बोटांची पेरे बुजतात.

उपाय जुनाच आहे. स्नान छोट्या पंचधातूच्या उत्सवमूर्तीला किंवा शाळिग्रामाला घालायचे आणि मुख्य मूर्तींना स्नानाच्या वेळी फूल पाण्यात बुडवून नुसते प्रोक्षण करायचे. काही ठिकाणी समोर आरसा ठेवून त्यातल्या प्रतिबिंबाला स्नान घालतात, तीही शास्त्राला धरून असलेली रीत आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूळ मूर्तीची झीज झाल्यामुळे अभिषेक उत्सवमूर्तीवर होतात. २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी त्या मूर्तीवर रासायनिक संवर्धनाचे काम केले. आदिशक्तीच्या पीठाने हे स्वीकारले, तर आपल्याला संकोच कशाला? तुमच्या मूर्तींवरचा पिवळेपणा काढायचा असेल तर मूर्ती-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला एकदा बोलवा. तोवर कोरडे कापड आणि संयम.

याच ओघात आणखी दोन-तीन गोष्टी. कापूर आणि धूप गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पेटवा, आत नको. पिवळेपणाचे मोठे कारण बहुतेक वेळा काजळीच असते. दूध-दही तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. पंचामृताला चांदीचे किंवा स्टीलचे पात्र घ्या, तांबे नुसत्या पाण्याला. मारुतीचा शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो, तेव्हा शेंदूर लागलेले पाणी किंवा तेल तीर्थ म्हणून कुणाच्या हातावर देऊ नका आणि शेंदूर चढवल्यावर हात साबणाने धुवा. तुळस द्वादशीला तोडत नाहीत, ती आदल्या दिवशी काढून ठेवा. तुळशीला शिळेपण नाही. आणि विष्णूला आणि त्याच्या अवतारांना अक्षता वाहत नाहीत, असा संकेत आहे. तिथे तुळस किंवा फूल.

पूजा कोणी करायची, यावर तुमच्या पाच घरांत खरी चर्चा व्हायला हवी. एकच पगारी पुजारी ठेवून सगळे मोकळे झाले, की तो आजारी पडल्यावर पुन्हा हीच वेळ येते. माझा अनुभव असा की एका मंदिराला पूजा येणारी किमान तीन माणसे लागतात: एक रोजचा, एक पाळीचा, एक अडीअडचणीचा. तिघांची घरे वेगवेगळी असावीत आणि निदान एक जण तुमच्या भावकीबाहेरचा असावा, कारण सूतक-सोयर साऱ्या भावकीवर येते, एका माणसावर नाही. पाळी महिन्याची लावा, आठवड्याची नको. आठवड्याच्या पाळीत ‘आज कुणाची?’ हा घोळ होतो. गावात राहणाऱ्या पाचव्या घरावर सगळा भार टाकू नका. त्यांनी दार उघडायचे आणि चार घरांनी वर्षाचा खर्च उचलायचा, ही सरळ वाटणी आहे आणि ती लिहून ठेवावी.

तुमच्या घरातल्या सुनेला पूजा शिकायची आहे, पण काही जण कुरकुरतात, असेही तुम्ही लिहिले आहे. माझे मत विचारता तर शिकवा. पंचोपचार नाममंत्राने करायला शुचिर्भूत शरीर, वेळेची शिस्त आणि भाव हवा. माझ्या मुलीने माझ्या आजारपणात दोन महिने संध्याकाळची पूजा केली आणि एकही दिवा चुकला नाही. गावाच्या वहिवाटीचा मान ठेवून, वडीलधाऱ्यांशी बोलून करा, पण ज्याला देवाची ओढ आहे त्याला दारात थांबवू नका. दर्शनाच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. सार्वजनिक मंदिरात कोणत्याही जातीच्या हिंदूला अडवता येत नाही, यासाठी आपल्या राज्यात १९५६ पासून स्वतंत्र कायदा आहे.

चुकलेल्या दिवसाची भीती तुमच्या पत्रात फार दिसते, म्हणून हेही सांगतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी पूजा चुकणार हे गृहीत धरून वाट दाखवली आहे. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट अर्चन करावे, दोन-तीन दिवस चुकली तर महापूजा करावी, त्याहून जास्त खंड पडला तर संप्रोक्षण, म्हणजे मंत्रलेले पाणी शिंपडून शुद्धी. महिन्याच्या वर खंड पडला तर कुणी पुन्हा प्रतिष्ठा सांगतात, कुणी संप्रोक्षणावरच थांबतात. तुमच्याकडे अधूनमधून दिवस गेले आहेत आणि मध्यंतरी महिना-दीड महिना दार बंदच होते, असे तुम्ही म्हणता. तेव्हा नवी व्यवस्था सुरू करताना एक चांगला दिवस पाहून जाणत्या गुरुजींकडून संप्रोक्षण करून घ्या आणि त्याच दिवसापासून रोजचा नेम धरा. पुनःप्रतिष्ठा हवी का, हे मूर्तीची आणि प्रतिष्ठेची माहिती प्रत्यक्ष पाहून त्यांनीच ठरवावे. घाबरून मोठमोठे शांतिविधी मात्र मागे लावून घेऊ नका.

इथवरचे थोडक्यात: वही, पक्की वेळ, सकाळी पंचोपचार, संध्याकाळी दिवा आणि रामरक्षा, ठरलेल्या दिवशी षोडशोपचार, स्नान उत्सवमूर्तीला, आणि तीन घरांतली तीन माणसे. आता उत्सव.

तिथीचा घोळ होतो, कारण तिथी चंद्राच्या चालीवर ठरते आणि ती कोणत्याही प्रहरी सुरू होऊन कोणत्याही प्रहरी संपते. आपण ‘आज नवमी’ म्हणतो ते सूर्योदयाला जी तिथी असेल तिच्यावरून. पण प्रत्येक उत्सवाचा कर्मकाळ वेगळा, आणि त्या वेळी ती तिथी असणे महत्त्वाचे. रामाचा जन्म मध्याह्नीचा, म्हणून रामनवमीला मध्याह्नव्यापिनी, म्हणजे मध्याह्नी चालू असलेली, चैत्र शुद्ध नवमी पाहतात. कृष्णजन्म आणि महाशिवरात्र यांना मध्यरात्रीचा निशीथकाळ, प्रदोषाला सूर्यास्तानंतरची वेळ, संकष्टीला चंद्रोदय. हनुमान जयंती चैत्र पौर्णिमेला सूर्योदयाची, म्हणून मारुतीच्या जन्माला पहाटे उठावे लागते. हे निर्णय आपले पूर्वज निर्णयसिंधु आणि धर्मसिंधु या ग्रंथांवरून करत आले. धर्मसिंधु १७९० मध्ये काशीनाथ उपाध्यायांनी लिहिला, आणि ते पंढरपुरात राहणारे, म्हणजे आपल्याच मुलखातला विचार त्यात आहे.

मध्याह्न म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच भाग करायचे: प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न. चैत्रात आपल्याकडे दिवस साधारण साडेबारा तासांचा असतो, म्हणजे एक भाग अडीच तासांचा, आणि मध्याह्न सुमारे सव्वाअकरा ते पावणेदोन. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात सूर्य माथ्यावर यायला घड्याळाचे साडेबारा वाजून जातात. तेव्हा कीर्तनकारबुवांचे जन्माचे आख्यान लांबले आणि पाळणा बारा वाजून वीस मिनिटांनी हलला तर कासावीस होऊ नका. जन्म मध्याह्नातच झाला. दोन्ही दिवशी मध्याह्नी नवमी असेल किंवा कोणत्याच दिवशी नसेल, तर कोणता दिवस घ्यायचा हे तुम्ही नेहमी वापरता त्या पंचांगाने ठरवलेले असते. एकच पंचांग धरा आणि वहीत लिहून ठेवा. दरवर्षी सोयीचे पंचांग शोधू नका. मोबाइलवरचे पंचांग उत्तरेकडचे असेल तर महिन्यांची नावेही वेगळी दिसतील. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला ते भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात, रात्र तीच. अधिक महिना आला तर वार्षिक उत्सव निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या, महिन्यात करायचे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता तेव्हा गोकुळाष्टमी निज श्रावणातच झाली.

वर्षात उत्सव किती करायचे, यावर माझा सल्ला: मोठा एकच, रामाचे नवरात्र. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारून सुरुवात, रोज संध्याकाळी कीर्तन किंवा प्रवचन, नवमीला जन्म, सुंठवडा, दुपारी पंगत, आणि तुमच्याकडे असेल तर शेवटी लळीत, म्हणजे उत्सवाच्या समाप्तीचे कीर्तन. हनुमान जयंती, आषाढी, गोकुळाष्टमी, दसरा, कार्तिकातला काकडा हे गावापुरते, मांडवाशिवाय. काकडा मला फार जवळचा वाटतो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे माणसे थंडीत घोंगडी पांघरून येतात, त्याला ना वर्गणी लागते ना ध्वनिक्षेपक. गावातल्या तरुणांना मंदिराशी जोडायचे असेल तर तिथून सुरुवात करा. एक महिना रोज पहाटे उठलेला मुलगा पुढे पाळीला नाही म्हणत नाही.

नवरात्राच्या नऊ दिवसांतही सकाळची सातची पूजा सातलाच व्हायला हवी. उत्सवात सर्वांत आधी तीच मागे पडते: रात्री कीर्तन लांबते, सकाळी मांडववाले आलेले असतात, पाहुण्यांची आंघोळ, आणि देव अकरापर्यंत कालच्याच हारांत. मी उत्सवाच्या दिवसांत नित्यपूजेचा माणूस आणि उत्सवाचा माणूस वेगळे ठेवतो. नित्यपूजेवाल्याला स्वयंपाक, वर्गणी, पाहुणे यांतले एकही काम सांगायचे नाही.

पैशाचेही तसेच. मी नवीन असताना आमच्या समितीने एका वर्षी सगळी शिल्लक मांडव आणि रोषणाईत घातली. आषाढात समईच्या तेलाला पैसे उरले नाहीत आणि मी घरून बाटली नेऊ लागलो. त्यानंतर आम्ही नित्यपूजेचा निधी वेगळ्या खात्यात मुदतठेवीत ठेवला. त्याच्या व्याजातून तेल, वाती, फुले, नैवेद्य आणि पुजाऱ्याचे मानधन जाते. उत्सवाची वर्गणी त्याला हात लावत नाही. तुमचे मंदिर सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे हिशेब आणि लेखापरीक्षण लागते, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. पणजोबांच्या काळची नावे अजून कागदावर असतील तर भाऊबंदकी सुरू व्हायच्या आत ते काम करून घ्या.

गर्दीबद्दल शेवटी, पण यात हयगय नको. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि अरुंद वाट ही त्यामागची कारणे सांगितली गेली. तुमची गर्दी त्या मानाने लहान, पण गाभाऱ्याचा दरवाजा तर तेवढाच अरुंद असणार. नारळ फोडायची जागा मंदिराच्या पायऱ्यांपासून लांब, पाणी वाहून जाईल अशी ठेवा. आत जायची आणि बाहेर यायची वाट वेगळी करा. जन्माच्या वेळी गुलाल उधळताना समया आणि निरांजने मागे घ्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा दंडक आहे. रात्री बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्या जाहीर दिवसांनाच मिळते. आजारी माणसाच्या झोपेवर उभे राहिलेले कीर्तन देवालाही नको असेल.

तुम्ही पुढच्या रामनवमीपर्यंत थांबू नका. या रविवारी गुरुजींकडे जा, वही न्या, आणि पहिला प्रश्न समईच्या वातींपासून सुरू करा, ते आपोआप बोलू लागतील. मूर्तींचे जवळून काढलेले फोटो आणि उत्सवमूर्ती आहे की नाही, ते मला कळवा. स्नानाची व्यवस्था आणि संप्रोक्षणाच्या दिवसाची तयारी मी त्याप्रमाणे लिहून देतो.